फाटा मागं राहिला

दाजी, काल दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरतो न सरतो तोच आला आणि घास उचलून गेलासुद्धा. नदीकाठची सगळी माणसं म्हणाली, "सुखानं गेला गडी. मागं कायबी ठिवलं न्हाई." तुमचे चुलते तर डोळे पुसत मला म्हणाले, "इच्छाच उरली नव्हती बघ त्याची." मी मान डोलावली. चारचौघांत काय भांडायचं? पण आता घरी एकटा बसलोय, तेव्हा सांगतो. साफ खोटं आहे ते. तुमची इच्छाही उरली होती आणि माझ्याशी भांडणही उरलं होतं. कावळासुद्धा तुमच्यासारखाच घायकुता निघाला, एवढंच.

तुमच्याशी कागदावर बोलायची ही पहिलीच वेळ. एरवी आपलं बोलणं म्हणजे भांडणच. मी शिनोलीचा, तुम्ही अवसरी बुद्रुकचे, मधे आक्का. तुमच्या लग्नात बायकोचा भाऊ म्हणून कान पिळायला मला पुढं केलं, तेव्हा मी घाबरून नुसता हात लावला. तुम्ही मुंडावळ्या बाजूला सारून म्हणालात, "जोरात पिळ की! जेवला न्हाईस का?" मांडव हसला. मी इतका जोरात पिळला, की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तुमचा कान माझ्या हातात आहे असा माझा समज होता. तो कान माझं काहीच ऐकत नाही हे कळायला बरीच वर्षं गेली.

आमचा बाप गेला आणि भाताची खाचरं एकट्या माझ्यावर पडली, त्या वर्षी लावणीला तुम्ही आलात. तुम्ही बटाटा-कांद्याचे, कोरड्या वावरातले. आमच्या चिखलात पहिलं पाऊल टाकलंत आणि बसकण मारलीत. बाया इतक्या हसल्या की हातातली रोपं गळून पडली. तुम्ही तिथंच बसून म्हणालात, "बाळू, मला उठवू नको. बसल्या बसल्या जेवढं लावता येईल तेवढं लावतो." त्यानंतर एक साल चुकवलं नाहीत. लावणी कधीच जमली नाही तुम्हाला, रोपं सगळी तिरकी. पण बाप गेल्यावर माझ्या बांधावर कुणीतरी मोठं माणूस उभं राहिलं, ते तुम्ही. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर म्हणाला असता, "पावणं, तब्येत बरी हाये ना?"

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडचा बैलगाडा बाहेरच्या माणसाला नीट सांगावा लागतो. चढाचा घाट, गाड्याला चार बैल, वर हाकायला कुणी नाही. पुढं एक घोडी, घोडीवर स्वार. स्वार घोडी सोडतो आणि बैल तिच्या मागं जीव तोडून पळतात. तुम्ही ते घोडीवाले. तुमच्या जवानीत आख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्यांना तुमची घोडी लागायची. जत्रेत तुमचं नाव पुकारलं की आक्का पदर तोंडाला लावून डोळे मिटायची आणि बारी संपल्यावर विचारायची, "पडले का?" तुम्ही कधी पडला नाहीत. तुमचं एक म्हणणं होतं, दर जत्रेला ऐकवायचात. "बैलाला घाट दिसत न्हाई, बाळू. बैलाला घोडी दिसती. वरती काय हाये, किती चढ हाये, त्याला काय करायचंय? पुढं आपलं जनावर पळतंय ना, मग चला."

मग शर्यतींवर बंदी आली. वर्षानुवर्षं घाट ओस पडले. घोडी म्हातारी होऊन गेली, दुसरी तुम्ही घेतली नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून नुसते गुडघे हलवत बसायचात. आक्का मला फोन करून म्हणायची, "बाळ्या, ह्यांना काहीतरी उद्योग लाव, नायतर हे मला पळवत्याल." माझं घोडेगावात मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. गिऱ्हाइकानं सोडून दिलेली एक जुनी जीप दुकानामागं उभी होती. ती मी तुम्हाला दाखवली, ही माझी चूक. बंदी उठली, गाडे पुन्हा पळायला लागले, पण तोवर तुम्हाला जीपचा नाद लागला होता तो लागलाच.

आणि त्या जीपच्या मागच्या काचेवर तुम्ही 'सासुरवाडीची कृपा' असं रंगवून घेतलंत! त्यावरून मी तुमच्याशी दोन महिने बोललो नाही. आमच्या घरानं तुम्हाला आक्का दिली, ती कमी होती का? जीपला इंजिन मंचरच्या रफिकभाईनं बसवलं, पत्रा तुम्ही ठोकलात, वायरिंग मी केलं. तेवढं सोडलं तर सासुरवाडीचा त्यात एक नटसुद्धा नव्हता.

राजस्थानातल्या वाळवंटाच्या शर्यतीचं खूळ कुणी आणलं यावर आपलं एकमत कधी झालं नाही. रफिकभाईनं मोबाइलवर दाखवलं, तुम्ही चहा पिता पिता बघितलं आणि मी नुसतं म्हणालो, "हे मोठ्या लोकांचं काम आहे, दाजी." बस्स. हे ऐकल्यावर तुम्ही थांबणार होता होय? टीमला नाव हवं होतं. तुम्ही सांगितलंत, 'अवसरी-शिनोली मोटार मंडळ'. तिथला पुकारणारा प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी म्हणायचा आणि तुम्ही प्रत्येक वेळी हात वर करायचात.

तुम्ही चालवणार आणि मी शेजारी बसून रस्ता सांगणार, असं ठरलं. या शर्यतीत रस्ता नसतोच. संयोजक एक पुस्तक देतात, त्यात बाण आणि खुणा. एवढ्या अंतरावर खेजडीचं झाड, तिथून डावीकडं. पुढं पडकी विहीर, तिथून उजवीकडं. बाजूवाल्यानं वाचायचं, चालवणाऱ्यानं ऐकायचं. सरावाला म्हणून मी तसलंच एक बाड अवसरी ते लोणी रस्त्याचं तयार केलं. माळावर जीप घातली आणि मी ओरडायला लागलो, "पुढं कडुलिंब, डावीकडं! मग पोल्ट्री, उजवीकडं!" तुम्ही गाडी उभी केलीत, माझ्याकडं बघितलंत. "बाळू, लोणीचा रस्ता मला सांगतोस व्हय? माझी आत्या दिलीया तिथं."

मी म्हणालो, "दाजी, वाळवंटात तुमची आत्या नाही दिलेली. तिथं माझंच ऐकावं लागंल."

"तिथं ऐकीन की," तुम्ही म्हणालात.

तिथं! तिथं पोचल्यावर पहिल्याच सकाळी तुम्ही जीपच्या टपावर नारळ फोडलात आणि "येळकोट येळकोट" करून मूठभर भंडारा उधळलात. वारा उलटा होता. घड्याळ धरून उभा असलेला साहेब पायापासून गॉगलपर्यंत पिवळा झाला. मला वाटलं, इथूनच घरी पाठवतात. तो बिचारा नाक पुसत विचारायला लागला, "ये क्या है?" तुम्ही त्याच्या कपाळावर उरलेला भंडारा लावून म्हणालात, "आमचा देव है. तुम्हारा भी चलेगा." आणि त्यानं वाकून नमस्कार केला की हो!

बाकीच्यांच्या गाड्या आरशासारख्या, त्यांचे मेकॅनिक एकसारख्या कपड्यातले. आपला रफिकभाई टेम्पोत मागं, मांडीवर आक्कानं दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि खरडा. आपल्या काचेवरचं वाचून एका पुण्याच्या पोरानं मोबाइलमध्ये फोटो काढला. तुम्ही त्याला बोलावून पुन्हा नीट काढायला लावलात, मला शेजारी उभं करून.

पण चालवलीत झकास, दाजी. वाळूवर सगळे जोर करत होते आणि रुतत होते. तुम्ही टायरातली हवा कमी केलीत आणि वाळूच्या टेकाडावर जीप अशी चढवलीत, की जणू कुणाला उठवायचं नाही. "वाळूला भिववायचं न्हाई. चुचकारायचं," असं पुटपुटत होता. हेल्मेटमधला माईक पहिल्याच दिवशी वाळूनं बंद पडला, म्हणून मला घसा फाडून सांगावं लागत होतं, आणि तुम्ही ऐकतही होता. हे मी मान्य करतो. शेवटच्या दिवसापर्यंत ऐकलंत. आपला नंबर खालून पहिल्या काहींत असेल, पण आपल्याला नंबर नकोच होता. वेळेत रेषा ओलांडली की पुरं होतं. रेषा ओलांडणाऱ्याचं नाव पुकारतात, गळ्यात पदक घालतात. तुम्ही आदल्या दिवशी आक्काला फोन करून सांगितलंत, "उद्या रेषा वलांडतो. सगळ्यांना सांगून ठिव." आणि तिनं खरंच सगळ्यांना सांगितलं.

शेवटच्या टप्प्यात ते वळण आलं. दोन वाटा. एक सरळ, मळलेली. दुसरी उजवीकडं, नुसती खूण. पुस्तकात उजवीकडं. मी म्हणालो, "उजवीकडं, दाजी." पुढं सरळ वाटेवर धुरळा उडत होता आणि धुरळ्यात एक जीप पळत होती. तुमची नजर तिच्यावर. मी पुन्हा ओरडलो, "उजवीकडं! उजवीकडं!" मी ओरडलो, दाजी. आज तुम्ही नाही म्हणून सांगत नाही, मी ओरडलोच होतो. तुम्ही मान हलवली नाहीत. स्टेअरिंगवर पुढं झुकलात, जसं घोडीवर झुकायचात तसं, आणि त्या धुरळ्यामागं सुटलात.

मी तुमचा दंड धरेपर्यंत आपण बरंच पुढं गेलो होतो. मग वाळू संपली. शेत लागलं. कुत्री अंगावर आली. बायका डोक्यावरचे हंडे सांभाळून बाजूला झाल्या. पुढची जीप एका वस्तीपाशी थांबली आणि तिथं ढोल वाजायला लागला. जीपमधून मिठाईचे खोके घेऊन एक बाई उतरली आणि मागून गुलाबी साफा घातलेले तीन-चार पुरुष. लग्नघर होतं ते! आपण ज्या गाडीच्या मागं पळत होतो, ती नवरदेवाच्या मामाची गाडी होती.

आपली जीप नंबर लिहिलेली, झेंडा लावलेली, वर पिवळा भंडारा. त्यांना वाटलं, नवरदेवाकडचंच कुणीतरी हौशी माणूस आलं. मी पुस्तक नाचवत "रेषा, रेषा" ओरडतोय आणि तुमच्या डोक्याला दोघंजण साफा बांधतायत. वर तुम्ही त्या घरच्या म्हाताऱ्याशी बोलत बसला. "हमारे उधर घोडी आगे, बैल पीछे. समझा क्या? घोडी हम." म्हाताऱ्याला काय समजलं देव जाणे, पण त्यानं तुमचा हात सोडला नाही. पाणी पाजल्याशिवाय आणि तोंड गोड केल्याशिवाय त्यांनी आपल्याला हलू दिलं नाही. मी तुम्हाला तिथं काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. साफा काढायला तुम्ही तयार नव्हता.

आपण रेषेपाशी पोचलो तेव्हा माणसं तंबूचे खुंटे उपटत होती. झेंडे गुंडाळून ठेवले होते. वेळ कधीच संपली होती. तुम्ही खाली उतरलात, डोक्यावर तो गुलाबी साफा तसाच, आणि एका माणसाला विचारलंत, "रेषा किधर थी?" त्यानं पायानं जागा दाखवली. चुना पसरला होता, नीटसं काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "चला दाजी, गाडी एकदा वरून घालून घेऊ. घरी सांगायला तरी होईल." तुम्ही वाकून तो चुना चिमटीत घेतलात. मग म्हणालात, "न्हाई. अशी न्हाई. पुढच्या टायमाला." जीप तिथूनच मागं फिरवलीत. माझा सगळा राग त्या जागी विरघळला होता खरं तर. पण तुम्ही गाडीत बसता बसता म्हणालात, "तू बोलला असतास तर वळलो असतो." आणि तो पुन्हा पेटला.

तेव्हापासून आपलं हे एकच भांडण. मी म्हणायचं, ओरडलो होतो. तुम्ही म्हणायचं, ऐकूच आलं नाही. मी म्हणायचं, ऐकलंत पण मानलं नाहीत, आता लबाडी करताय. साखरपुड्यात, बारशात, सलूनमध्ये, बटाट्याच्या काढणीत, सगळीकडं. एकदा तर एका मयतीला गेलो असताना बाहेर बाकड्यावर बसून आपण सुरू झालो आणि आक्कानं येऊन दोघांना दटावलं, "इथं तरी वाळवंट काढू नका रं!" रफिकभाईला साक्षीला बोलावलं तर तो म्हणायचा, "मी मागच्या टेम्पोत होतो, मला यात घालू नका."

यंदा पुन्हा नाव द्यायची वेळ आली. तुम्ही जीप घेऊन घोडेगावात दुकानासमोर आलात आणि हॉर्न वाजवत बसलात. "काय ठरलं, बाळू?" मी तारेचं वेटोळं सोडलं नाही. म्हणालो, "आधी कबूल करा. मी सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं होतं. मग येतो."

"मेलो तरी कबूल करायचा न्हाई. जे झालंच न्हाई ते कसं कबूल करू?"

"मग दुसरा बाजूवाला बघा."

"दुसरा कशाला? तूच येशील. तुला माझ्याबिगर कोण शिव्या घालू देतंय?" असं म्हणून गेलात. रोज संध्याकाळी फोन. "ठरलं का?" "कबूल आहे का?" "न्हाई." "मग नाही ठरलं." आक्का म्हणते, फोन ठेवला की तुम्ही हसत बसायचात. मीसुद्धा हसायचो, दाजी. येणार तर मी होतोच. पिशवी कधीच भरून ठेवली होती.

मग त्या सकाळी तुम्हाला वावरात घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब पुण्याला हलवा. अँब्युलन्सची वाट बघायला तुम्ही तयार नव्हता. "जीप हाये ना दारात." मी योगायोगानं तिथंच होतो. मी चालवायला बसलो, आक्का आणि तुमचं पोरगं मागं, आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्या जागेवर. छातीवर हात दाबून धरला होता आणि तोंड चालूच. "क्लच सोड. अरे, सोड की! बैल हायेत का गिअर हायेत ते?" मला रडू येत होतं म्हणून मीही भांडलो. म्हणालो, "कळतंय का आता, बाजूला बसून किती ओरडावं लागतं ते?"

खेड मागं पडलं. मग हळू आवाजात म्हणालात, "बाळू, ते त्या दिवशीचं..."

"काय?"

"राहू दे. बरा होऊन आलो का सांगतो. आत्ता सांगितलं तर तू गाडी थांबवशील."

नंतर दवाखान्यात नळ्या आणि यंत्रं. ते सांगायचं राहून गेलं. मी रोज काचेतून बघायचो आणि मनात म्हणायचो, सांगू नका, कबूल करू नका, आयुष्यभर लबाड राहा, पण उठा. तुम्ही उठला नाहीत.

तुम्हाला घरी आणलं ती सकाळ स्वच्छ होती. पोरगं अँब्युलन्समध्ये तुमच्यापाशी बसलं. आक्का म्हणाली, "मी जीपमध्ये येते." ती माझ्या शेजारी, तुमच्या जागेवर, म्हणजे माझ्या जागेवर बसली. पुढं अँब्युलन्स, मागं आम्ही. मी काचेतून दुसरं काही बघितलंच नाही. त्या पांढऱ्या दाराकडं बघत होतो. ती हळू झाली की मी हळू, ती सुटली की मी सुटलो. त्या दाराआड तुम्ही होता.

आक्कानं माझा दंड धरून गदागदा हलवला तेव्हा मी दचकलो.

"बाळ्या! कुठं चाललास? फाटा मागं राहिला!"

मी बाहेर बघितलं. आपला अवसरीचा फाटा. जिथं जन्मभर उजवीकडं वळलो, डोळे बांधले तरी वळेन, तो फाटा बराच मागं गेला होता. अँब्युलन्सचा ड्रायव्हर नवखा, तो सरळ हायवेनं निघाला होता, आणि मी त्याच्या मागं. ना हॉर्न दिला, ना हात दाखवला.

"मग आधी सांगायचं नाही का?" मी तिच्यावर खेकसलो.

"दोनदा सांगितलं," आक्का म्हणाली. "उजवीकडं म्हणाले मी. मग ओरडून म्हणाले, उजवीकडं, उजवीकडं. तू हललासच न्हाईस."

दाजी, मला ऐकू आलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. माझी सख्खी बहीण हातभर अंतरावरून ओरडली आणि माझ्या कानात एक शब्द आला नाही.

मी जीप कडेला घेतली. पोराला फोन केला, अँब्युलन्स थांबवली. मग स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि मला हसायला यायला लागलं, आणि ते हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं ते कळलं नाही. आक्का रस्त्याकडं बघत बसली होती. वर्षभर आपलं भांडण तिनंच सगळ्यात जास्त ऐकलंय. ती म्हणाली, "म्हंजे हे खरंच बोलत व्हते."

"हो," मी म्हणालो.

"आणि तू बी खरंच वरडला व्हतास."

"हो, आक्का."

"मग भांडत कशापायी व्हता रं दोघं?" असं म्हणून ती रडायला लागली. त्या सगळ्या दिवसांत ती तेव्हाच रडली, मन भरून.

गाडीत तुम्ही मला काय सांगणार होता, ते मला कधीच कळणार नाही. खरंच ऐकू आलं नव्हतं हे शपथेवर सांगणार होता, का ऐकलं होतं हे कबूल करणार होता? ऐकलं होतं म्हणाला असता, तर मी गाडी थांबवून नाचलो असतो, हे तुमचं बरोबर होतं. पण आता तुम्ही स्वतः येऊन कबूल केलंत तरी मी मानणार नाही. म्हणेन, दाजी, मला बरं वाटावं म्हणून लबाडी करताय. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. येतच नाही. हे भांडण तुम्ही जिंकलात, आणि जिंकल्यावर मिशीवरून हात फिरवायला तुम्ही इथं नाही, याचा मला इतका राग येतो की काय सांगू.

काल दहावा आटपून सगळे गेले. मी ओट्यावर बसलो होतो, समोर जीप. तिच्या आतल्या दांड्याला तो गुलाबी साफा अजून बांधलेला आहे, धुरळ्यानं माती-रंगाचा झालेला. पोरगं म्हणालं, "मामा, जीपचं काय करायचं?" मी काही बोलायच्या आत आतून आक्का आली. म्हणाली, "काय करायचं म्हंजे? बाळ्या, नाव दे आपलं."

"आपलं?"

"तू चालव. मी शेजारी बसते. ते पुस्तक वाचायला मला येतं, सातवी पास हाये मी. ह्यांनी मला सगळ्यांना सांगून ठिवायला लावलं, रेषा वलांडतो म्हणून. मी सांगून बसले. आता माघारी कशी घेऊ?"

पोरगं म्हणालं, "आई, लोक काय म्हणतील? अजून तेरावा व्हायचाय."

"मी काय उद्या चालले का? आणि लोकं येणारेत का वाळवंटात बघायला?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण एक हाये. पुढं कुणीबी पळू दे, मी सांगीन तिकडंच वळायचं. न्हाई ऐकलंस, तर कान पिळीन. जोरात."

तर दाजी, आम्ही येतोय. रफिकभाई इंजिन उघडून बसलाय. मागच्या काचेवरचं मी पुसू दिलेलं नाही, 'सासुरवाडीची कृपा' तसंच राहू दे, आता चालवणारा सासुरवाडीचा, म्हणजे ते खरं झालंय. नारळ मी फोडीन, भंडारा आक्का उधळेल, वाळूला चुचकारायला मला शिकावं लागेल. आणि ती रेषा आम्ही वेळेत, पुसायच्या आत ओलांडू. तेवढं नक्की.

फक्त एक करा. शेवटच्या वळणावर पुढच्या धुरळ्यात घोडीवर बसून दिसू नका. दिसलात, तर आक्का कितीही ओरडू दे, मला ऐकू येणार नाही. मी तुमच्याच मागं येईन.